आधी पाणी, मग खत

युरियाची एक पिशवी जास्त टाकली तर एकरी धान किती वाढतं? माझ्या प्रबंधाचा प्रश्न एवढाच होता, आणि कृषी अर्थशास्त्रात तो फार जुना आहे. चार्ल्स कॉब आणि पॉल डग्लस यांनी १९२८ साली मांडलेलं उत्पादन फलन घ्यायचं, जमीन, मजूर, बियाणं, खत यांचे लॉगरिदम काढायचे, संगणकावर समीकरण सोडवायचं आणि खतापुढचा गुणांक वाचायचा. आपल्या कृषी विद्यापीठांतले कितीतरी प्रबंध याच वाटेने गेले आहेत. मी ते काम पोंभुर्णा तालुक्यात करायला घेतलं.

चंद्रपूर जिल्हा शेतीच्या दृष्टीने एक नाहीच. वरोरा, राजुरा, कोरपना इकडे कापूस आणि सोयाबीन. मूल, सावली, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी आणि पोंभुर्णा इकडे धान. धानाच्या पट्ट्यात शेत म्हणजे बांध्या. प्रत्येक बांधीला तिचे धुरे, तिची पातळी, तिचं पाणी. एकाच शेतकऱ्याची एक बांधी तलावाच्या पारीला लागून असते, दुसरी पाटाच्या शेवटाला, तिसरी जंगलाच्या कडेला, जिथे रानडुकरं पीक उभं ठेवत नाहीत. हे तलाव माजी मालगुजारी, लोकांच्या तोंडी मामा तलाव. मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले, पण पाण्याची चाल बदलली नाही. पारीजवळच्या बांध्या आधी भिजतात, शेवटच्या बांध्यांना पाऊस धरला तरच पाणी मिळतं.

घाटकुळकडच्या एका काकाजींना मी नेहमीचा प्रश्न विचारला, की या बांधीला युरिया किती आणि त्या बांधीला कमी का. ते म्हणाले, "पाणी आलं त खत टाकाचं मॅडम. नाही त पैसा बांधीत कायले पुराचा?"

अर्थमितीच्या पुस्तकात ज्याला अंतर्जातता म्हणतात आणि ज्याच्यावर प्रकरणंच्या प्रकरणं असतात, ती या उत्तरात पूर्ण होती. खत आधी आणि पीक नंतर, असं समीकरण धरून चालतं. इथे आधी पाणी, मग पाणी बघून खत. ज्या बांधीला पाणी खात्रीचं, तिला खतही जास्त आणि पीकही जास्त. पाण्याचा रकाना फॉर्ममध्ये नसेल तर पाण्याने वाढवलेलं धान समीकरण खताच्या नावावर टाकतं. गुणांक मोठा दिसतो, तारांकित (म्हणजे संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरलेला) दिसतो, आणि त्यावरून कुणीतरी सल्ला देतं की या तालुक्यात शेतकरी खत कमी वापरतो, त्याने जास्त वापरावं. पाटाच्या शेवटच्या बांधीवाल्याने तो सल्ला ऐकला तर तो कर्जात जाईल.

याच जातीची अडचण यायर मुंडलाक यांनी १९६१ साली मांडली होती. त्यांचा रोख शेतकऱ्याच्या हुशारीवर होता. हुशार शेतकरी खतही नीट देतो आणि इतर सगळंही नीट करतो, म्हणून खताचा परिणाम आणि त्याच्या हुशारीचा परिणाम एकमेकांत मिसळतात. उपाय असा, की एका शेतकऱ्याची तुलना दुसऱ्याशी न करता त्याच शेतकऱ्याच्या निरनिराळ्या नोंदी एकमेकींशी ताडून बघायच्या. पोंभुर्ण्यात ही सोय बांध्यांनीच करून दिली होती. मी फॉर्म शेतकऱ्यागणिक न ठेवता बांधीगणिक केला. शेतकरी तोच, बैल किंवा ट्रॅक्टर तोच, बियाणं बहुधा तेच. फरक उरतो तो बांधीचा. त्या फरकासाठी तीन रकाने घातले: पारीपासून बांधी कितवी, रोवणीनंतर पाटाचं पाणी किती वेळा पोहोचलं, आणि लोंबी भरताना बांधीत ओल होती का.

एवढ्या बारीक नोंदी आठवणीतून मिळवणं सोपं नव्हतं. पुरुष मंडळी एकूण पोती सांगत. बांधीगणिक हिशोब बायकांकडे होता. पऱ्हे कधी उपटले, कुठल्या बांधीत किती बाया रोवणीला होत्या, पैकी किती मजुरीच्या आणि किती एकमेकींच्या शेतावर आळीपाळीने जाणाऱ्या, हे मावशी न अडखळता सांगत. घरच्या मजुरीची किंमत उत्पादन खर्चात धरायची की नाही, यावर दिल्लीत किती वाद झालेत. आधारभूत किमतीच्या हिशोबात ए-२ (प्रत्यक्ष केलेला खर्च), त्यात घरचे श्रम मिळवलेला खर्च, आणि त्याहून व्यापक सी-२ असे वेगवेगळे आकडे असतात. त्या वादातली मूळ वस्तू, म्हणजे बाईचा रोवणीतला दिवस, फक्त तिलाच ठाऊक असतो. म्हणून सर्वेक्षण घरातल्या बाईशी बोलल्याशिवाय पुरं मानू नये, असं माझं ठाम मत आहे. वेळही बघावी लागते. धान निघाल्यावर इथली कितीतरी कुटुंबं मिरची तोडायला तेलंगणात जातात. मार्चमध्ये फॉर्म घेऊन गेलात तर कुलूप दिसेल, आणि जे घरी भेटतील ते मजुरीसाठी बाहेर न जाणारे, म्हणजे तुलनेने सुस्थितीतले असतील.

नमुना निवडतानाही कोण सुटतं ते बघावं लागतं. तलाठ्याकडच्या सातबाऱ्यावरून नावं काढणं सर्वांत सोयीचं. पण जंगलालगतच्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन सातबाऱ्यावर नसते. २००६ च्या वनहक्क कायद्याने काहींना पट्टे मिळाले, काहींचे दावे बाकी राहिले. ठेक्याने आणि बटईने करणाऱ्यांची नावंही त्या कागदावर नसतात. म्हणून मी गावात घरयादी करून तिच्यातून नावं काढली. कागदावरचं क्षेत्र आणि कसलेलं क्षेत्र यांत फरक असेल तर एकरी उत्पादन चुकतं, आणि लहान शेतकऱ्याची उत्पादकता जास्त की कमी, या १९६० च्या दशकापासून आपल्याकडे चाललेल्या वादात आपण नकळत एका बाजूला खोटा पुरावा टाकतो.

उत्पादनाच्या मोजमापाबाबत मला आपल्याच एका माणसाची आठवण ठेवावीशी वाटते. पां. वा. सुखात्मे, सातारा जिल्ह्यातल्या बुधचे. चाळीसच्या दशकात पीक कापणीच्या पद्धतीवरून त्यांचा आणि प्रशांतचंद्र महालनोबिस यांचा मोठा वाद झाला. फार लहान तुकडा कापला तर कडेवरची झाडं आत धरली जातात आणि उत्पादन फुगतं, हे सुखात्म्यांनी दाखवलं. पुढे वि. गो. पानसे यांच्याबरोबर लिहिलेलं त्यांचं पुस्तक कृषी संशोधकांच्या पिढ्यांनी वापरलं. मी पोत्यावर अवलंबून होते, तरी त्यांचा धडा पाळला: प्रत्येक घरी पोत्यात किती किलो बसतं ते आधी लिहायचं, मग संख्या.

अंतर्जाततेवर दुसरा उपाय साधन चलाचा. खतावर परिणाम करील पण उत्पादनावर थेट करणार नाही, अशी एखादी गोष्ट शोधायची. ही कल्पना फिलिप राइट यांच्या १९२८ च्या पुस्तकात आली, आणि त्यांचं उदाहरण जवसाचं होतं. तेच जवस इथे धान निघायच्या सुमारास ओल्या बांधीत लाखोळीसारखं उतेऱ्यावर फेकतात. मला वर्गात शिकवलेलं सगळ्यांत अमूर्त प्रकरण त्या निळ्या फुलांच्या पिकावर उभं आहे, हे कळल्यावर मला मनापासून आनंद झाला होता.

पण साधन मिळालं नाही. कृषी केंद्रापासूनचं अंतर हे नेहमी सुचवलं जाणारं साधन. चिंतलधाबा, नवेगाव मोरे अशी गावं मनात आणून विचार केला: बाजारापासून लांबचं गाव बहुधा जंगलाजवळचं. तिथे डुकराचा त्रास जास्त, वाघाच्या भीतीने रात्रीची राखण कमी. म्हणजे अंतर उत्पादनावर थेटच परिणाम करतं. संगणक हे कधीच सांगणार नाही. मी ते साधन सोडून दिलं आणि पाण्याच्या रकान्यांवर भर दिला.

पाण्याचे रकाने घातल्यावर खताचा गुणांक बराच खाली आला. बांध्यांचे गट पाडल्यावर पारीजवळच्या गटात तो टिकला. शेवटच्या बांध्यांत शून्यापासून वेगळा ओळखू येईना. एका तलावाखालच्या सगळ्या बांध्यांचं नशीब एक असतं, तलाव आटला की सगळ्यांचंच पीक बसतं, म्हणून प्रमाणत्रुटी तलावागणिक गट धरून काढल्या. त्या वाढल्या, आणि दोन-तीन गुणांकांपुढचे तारे गेले. ते तसेच छापले. हे निष्कर्ष माझ्या गावांपुरते आणि माझ्या हंगामांपुरते आहेत.

इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय कृषी संशोधन संस्थेने १९७५ पासून अकोला जिल्ह्यातल्या कानझरा आणि किनखेड्यात, सोलापूरच्या शिरापूर आणि कळमणमध्ये त्याच घरांच्या नोंदी वर्षानुवर्षं ठेवल्या, आणि जगभरच्या अर्थशास्त्रज्ञांनी त्या वापरल्या. ती गावं कोरडवाहू आहेत. धानाच्या पट्ट्याला अशा दीर्घ नोंदी हव्यात, आणि त्या बांधीगणिक हव्यात. मूल, सावली, सिंदेवाही, पोंभुर्णा इथे धानावर काम करणाऱ्या विद्यार्थ्यांना माझं सांगणं आहे: खताच्या रकान्याशेजारी पाण्याचा रकाना घाला, पोत्याचं वजन लिहा, आणि फॉर्म रोवणी ते कापणी या काळातच भरा.