काउंटरवरची चाल

आमचे अण्णा बेसूर आहेत, ही गोष्ट आमच्या घरात सर्वमान्य होती. चाळीतही त्याबद्दल दुमत नव्हतं. आणि डोंबिवलीच्या ज्या चाळीत नळाच्या पाण्याच्या वेळेवरून तीन पक्ष होते, तिथं एखाद्या प्रश्नावर एकमत होणं ही काही साधी गोष्ट नव्हे.

सकाळी सातला विविध भारतीवर ‘भूले बिसरे गीत’ लागायचं. आई पोळ्या लाटता लाटता त्यातलं एखादं गाणं उचलायची आणि मग रेडिओ बंद झाला तरी तिचा कार्यक्रम चालूच. खिडकीच्या गजाला आरसा टांगून अण्णा दाढी करत असायचे. तोंडाला फेस, हातात वस्तरा आणि घशात काहीतरी गुणगुणणं. ‘काहीतरी’ हा शब्द मी जपून वापरतोय. कारण ते आईचं गाणं नक्कीच नसायचं. ती वर चढली की हे खाली उतरायचे. ती ओळ संपवून श्वास घ्यायला थांबली की नेमका तेव्हाच यांना कंठ फुटायचा. शब्दांशी तर अण्णांचा संबंधच नव्हता. नुसतं ‘आऽ’ आणि ‘ऊंऽ’. ‘श्री ४२०’ (१९५५) मधलं ते पावसातलं, छत्रीखालचं गाणं आई म्हणायची तेव्हा लताबाईही तीच आणि मन्ना डेही तीच. घरात एक धडधाकट पुरुष मोकळा असताना मन्ना डेंची जागा तिनं का चालवावी, हा प्रश्न मला लहानपणी पडायचा. पुढं मोठा झालो आणि वाटलं, अण्णांचा आवाज ऐकूनच तिनं तो निर्णय घेतला असणार.

‘काउंटर मेलडी’ हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा तो माझ्याच खात्यातला आहे असं मला वाटलं. मी तेवीस वर्षं बँकेच्या काउंटरवर बसतोय. तिथली मेलडी मला पाठ आहे. नोटा मोजायच्या यंत्राची फडफड, पासबुक छापायच्या यंत्राची किरकिर, आणि दर पाच मिनिटांनी परत येणारं ध्रुवपद : ‘सर्व्हर डाऊन आहे, जेवणानंतर या.’

हा शब्द घरात आणला आमच्या कन्येनं. ती अकरावीत आहे आणि कॉलेजच्या गायनवृंदात आहे. आता वृंदात मुलगी गाते म्हटल्यावर बापाची छाती फुगते. पण ती घरी सराव करायला लागली आणि माझी छाती पूर्वपदावर आली. गाणं कुठलं ते ओळखूच येईना. शेवटी न राहवून मी म्हटलं, ‘अगं, हे आजोबांच्या वळणावर जातंय.’ तर म्हणाली, ‘बाबा, मला मेन ट्यून नाहीच दिलेली. मी काउंटर मेलडी गाते. कोरसला दोघी मुख्य चाल घेतात तेव्हा मी मागून वेगळीच चाल म्हणायची.’

मग तिनं मला समोर बसवून बीटल्स ऐकवले. १९६७ सालचं ‘शीज लीव्हिंग होम’. एक मुलगी पहाटे चिठ्ठी ठेवून घरातून निघून जाते. ध्रुवपद आलं की पॉल मॅकार्टनी ती निघून जात असल्याचं वरच्या पट्टीत लांबवून सांगतो, आणि त्याच वेळी खालून जॉन लेनन तिच्या आईबापांच्या तोंडून बोलतो. आपलं कुठं चुकलं, ते त्यांना कळत नाही. मुलगी एका चालीत चाललीय, आईबाप दुसऱ्या चालीत बसलेत, आणि गाणं मात्र एकच. कन्येनं विचारलं, ‘ऐकू आलं का?’ मी म्हटलं, ‘आलं.’ ती बारावीनंतर पुण्याला जायचं म्हणतेय. मला त्यातलं खालचंच जास्त ऐकू आलं.

मी बी.कॉम. असल्यामुळं कुठलीही गोष्ट खतावणीत बसवल्याशिवाय मला समजत नाही. आपल्याकडे पेटीवाला गवयाच्या मागोमाग तीच वाट चालतो. ती झाली कार्बन कॉपी. काउंटर मेलडीचं तसं नाही. तिचं स्वतंत्र खातं. मुख्य चाल पळत असेल तर ती एकाच सुरावर टेकून उभी राहते. मुख्य चाल थांबली की ती हलते. दोघींच्या नोंदी वेगळ्या, पण बेरीज जुळलीच पाहिजे. नाही जुळली तर संध्याकाळी सात वाजेपर्यंत बसून फरक शोधा!

आपल्या हिंदी सिनेमात हे खातं बरीच वर्षं गोव्याच्या मंडळींनी सांभाळलं. पोर्तुगीज अमदानीत चर्चच्या शाळांतून व्हायोलिन आणि पाश्चात्त्य स्वरलिपी शिकून हे लोक मुंबईला आले. संगीतकार पेटीवर चाल सांगायचा. पण तीस-चाळीस व्हायोलिनवाल्यांनी काय वाजवायचं ते कागदावर उतरवायला अरेंजर लागायचा. सेबॅस्टियन डिसोझा हे शंकर-जयकिशनकडे दोन दशकांहून अधिक काळ होते, ओ. पी. नय्यर यांच्याकडेही होते. गायिका मुखडा म्हणत असताना मागून व्हायोलिनं जी स्वतःचीच गोष्ट सांगत जातात, तिला स्टुडिओत ‘ऑब्लिगेटो’ म्हणत. सलील चौधरी तर संगीतकार असून स्वतःच हा उद्योग करायचे. आणि अँथनी गोन्साल्विस हे नाव ‘अमर अकबर अँथनी’ (१९७७) मुळं साऱ्या देशाच्या तोंडी गेलं, पण ते माजोर्ड्याच्या एका खऱ्या व्हायोलिनवादकाचं आहे आणि प्यारेलाल त्यांच्याकडे शिकले, हे मला कन्येनं सांगेपर्यंत ठाऊक नव्हतं. तबकडीवर गायकाचं नाव, गीतकाराचं नाव, संगीतकाराचं नाव. अरेंजरचं नाव बहुधा नाहीच. आमच्या बँकेतही ताळेबंदावर सही मॅनेजरची असते. असो. तो विषय वेगळा.

आई २०१९ साली गेली. त्यानंतरही अण्णांची सकाळची दाढी आणि गुणगुणणं चालू राहिलं. पण आता ते फारच विचित्र वाटायला लागलं. मध्येच लांबच लांब एक सूर, मग शांतता, मग दोन-चार जिने उतरल्यासारखं काहीतरी. हे वयाचं लक्षण असावं म्हणून मी त्यांना कानाच्या डॉक्टरकडेही नेऊन आणलं. डॉक्टर म्हणाले, ‘यांचे कान तुमच्यापेक्षा चांगले आहेत.’ फी मात्र त्यांनी माझ्याकडूनच घेतली.

गेल्या महिन्यात एका रविवारी अण्णा दाढी करत होते आणि कन्या दारात दात घासत उभी होती. ती एकदम घासायची थांबली. तशीच आत गेली, मोबाइल घेऊन आली आणि त्यावर तिनं हळू आवाजात ते छत्रीतलं गाणं लावलं. दोन-तीनदा मागंपुढं केलं, आणि अण्णांच्या गुणगुणण्याखाली नेमकं नेऊन ठेवलं.

बसलं! टाचणीनं टोचून लावावं तसं बसलं. मागच्या व्हायोलिनांचं वळण न् वळण अण्णांच्या घशात होतं. चाळीस वर्षं आम्ही त्या माणसाला बेसूर म्हणत होतो. मी तर लग्नाआधी बायकोलाही तशी पूर्वसूचना देऊन ठेवली होती.

पण एका ठिकाणी घसरलं. अण्णा मागं राहिले, मोबाइल पुढं गेला. पुन्हा लावलं, पुन्हा तिथंच. ‘आजोबा इथं दरवेळी दोन मात्रा जास्त घेतात,’ कन्या तोंडातल्या फेसातून म्हणाली.

मी अण्णांना विचारलं, ‘तुम्ही सरळ गाणंच का नाही म्हणत?’

त्यांनी वस्तरा पाण्यात खळबळला. ‘गाणं तुझी आई म्हणायची की. दोघांनी तेच कशाला म्हणायचं?’

‘आणि ते मध्ये थांबता ते?’

‘ते तिचं आहे. तिथं ती पोळी उलटायची.’

मोबाइलवरच्या लताबाई थांबणाऱ्यातल्या नव्हत्या. शिवाय त्यांची पट्टी आईच्या पट्टीपेक्षा उंच. अण्णांनी हातानंच ते बंद करायची खूण केली. मग मी ठरवलं, आपण म्हणावं. माझं गाणं म्हणजे काय ते आमच्या सोसायटीच्या गणपतीत लोकांनी एकदा ऐकलंय आणि तेव्हापासून माझ्याकडे फक्त वर्गणीचा हिशेब देतात. तरी मी आईच्या पट्टीच्या आसपास कुठंतरी सुरुवात केली. अण्णांनी गालाला पुन्हा साबण लावला, बहुतेक गरज नसताना, आणि मागून ते आले. मला चुकायची इतकी भीती वाटत होती की मी नाकासमोर बघून एकेक शब्द म्हणत होतो. पहिली ओळ पार पडली. दुसरी पडली. मी उत्साहानं तिसरीवर उडी मारली, तर मागं कोणीच नाही.

वळून पाहिलं. अण्णा वस्तरा हवेत धरून उभे होते.

‘पोळी,’ ते म्हणाले.

मी थांबलो.