अनुशेष आणि बॅकलॉग

आपल्या निवासी शाळेतून शिकून गेलेली काही मुले-मुली आज हिंजवडी-खराडीच्या सॉफ्टवेअर कंपन्यांत नोकरी करतात. सुट्टीच्या दिवशी ती बिबवेवाडीत माझ्या घरी येतात, तेव्हा त्यांच्या बोलण्यात रोडमॅप, स्प्रिंट, प्रायॉरिटी, बॅकलॉग असे शब्द सहज येतात.

‘बॅकलॉग’ म्हटले की माझ्या पिढीला राखीव जागांचा अनुशेष आठवतो. ज्याच्यासाठी २००० साली ८१वी घटनादुरुस्ती करावी लागली. मुलांचा बॅकलॉग निराळा. सॉफ्टवेअरमध्ये पुढे करावयाच्या सुधारणांची ती क्रमवार यादी असते. प्रत्येक स्प्रिंटमध्ये, म्हणजे साधारण दोन आठवड्यांत, तिच्यातील वरची मोजकी कामे हाती घेतात. क्रम लावण्याच्या एका पद्धतीचे नाव ‘मॉस्को’. रशियाच्या राजधानीशी तिचा संबंध नाही. मस्ट, शुड, कुड, वोन्ट या चार शब्दांच्या आद्याक्षरांवरून ते जुळविले आहे. मस्ट म्हणजे अनिवार्य, शुड म्हणजे व्हायला हवे, कुड म्हणजे जमल्यास, आणि वोन्ट म्हणजे तूर्त नाही.

हे चार शब्द ऐकताना मला आपल्या शिक्षणाचा इतिहास दिसू लागला. १८८२ साली महात्मा फुल्यांनी हंटर आयोगापुढे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी केली. त्यांच्या लेखी ते मस्ट होते. गोखल्यांचे तशाच आशयाचे विधेयक १९१२ साली फेटाळले गेले, म्हणजे वोन्ट. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात ते सक्तीचे केले. संविधानाच्या अनुच्छेद ४५ने दहा वर्षांची मुदत घातली. पण मार्गदर्शक तत्त्वांत असल्यामुळे त्यासाठी न्यायालयात दाद मागता येत नव्हती. ते शुड ठरले. २००२च्या ८६व्या घटनादुरुस्तीने तो मूलभूत हक्क झाला आणि कायदा अमलात आला १ एप्रिल २०१० रोजी. फुल्यांच्या यादीतील पहिले काम देशाच्या यादीत वर यायला १२८ वर्षे लागली.

एका माजी विद्यार्थिनीने सांगितले, “सर, आमच्या ॲपमध्ये मराठीचा पर्याय केव्हापासूनचा कुडमध्ये पडून आहे.” मी विचारले, “क्रम लावणाऱ्यांच्या बैठकीत मराठीतून वापरणारे कोणी असते का?” ती क्षणभर थांबली, म्हणाली, “मी असते. पण बोलत नाही.”

१९१९ साली साउथबरो समितीपुढे बाबासाहेबांनी अस्पृश्यांसाठी प्रतिनिधित्व मागितले, ते याचसाठी. ज्याची गरज आहे तो क्रम ठरविणाऱ्यांत नसेल, तर त्याचे काम तळाशीच राहते. विद्यार्थ्यांनो, हे इंग्रजी शब्द जरूर शिका. उद्या त्या बैठकीत तुम्हाला जागा मिळेल. तेथे गप्प बसू नका.