आरेचं गाणं

रॅप म्हणजे परक्याची उसनवारी, असा आक्षेप अजून ऐकू येतो. मुंबईच्या 'स्वदेसी' गटाचं २०१९ मधलं 'द वारली रिव्होल्ट' ऐकल्यावर तो टिकत नाही. त्यात आरेच्या जंगलातले आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर स्वतः गातात. जंगल ज्यांचं, आवाजही त्यांचाच. अण्णाभाऊ साठे आणि अमर शेख यांच्या लाल बावटा कलापथकाशी याचं नातं मला थेट वाटतं. डफाच्या जागी बीट आला, इतकंच. गाण्यानं झाडं वाचली का, असं कोणी विचारील. नाही वाचली. त्याच वर्षी ऑक्टोबरात मेट्रोच्या कारशेडसाठी दोन हजारांवर झाडं पडली. पण ज्याला शहर नुसती 'जागा' म्हणत होतं, ते कुणाचं तरी घर आहे, हे शहराला घरमालकांच्याच तोंडून ऐकावं लागलं. एवढं काम गाण्याचं, आणि ते त्यानं चोख केलं. आदिवासींचे पाडे आजही आरेत आहेत.