दापोलीची छावणी आणि आमचे पणजोबा

मे महिन्यात कचेरीतून चार दिवसांची रजा मिळाली, तेव्हा धाकट्या मुलाला घेऊन गावी गेलो. शाळेने सुट्टीत 'घरातील जुनी वस्तू' यावर लिहून आणायला सांगितले होते. आमच्या चाळीतल्या खोलीत जुने असे काय असणार? म्हटले, चल आत्याकडे.

रात्रीची एस.टी. महाडला थांबली. चवदार तळे याच गावात, असे पोराला सांगितले, पण तो झोपेत. खेड सोडून गाडी चढणीला लागली आणि हवा गार झाली. इंग्रजी अमदानीत दापोलीला लष्कराची छावणी होती. कॅम्पचे 'काप' झाले आणि गावाला लोक काप दापोली म्हणू लागले. छावणी उठली तरी पेन्शनर शिपाई इथेच राहिले. त्यांत आपले लोक पुष्कळ. 'विटाळ विध्वंसन' लिहिणारे गोपाळबाबा वलंगकर हे असेच पेन्शनर. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी हेही निवृत्तीनंतर काही काळ दापोलीत होते. सरकारने महारांची लष्करभरती बंद केली, तेव्हा 1894 साली गोपाळबाबांनी अर्ज तयार केला. त्या अर्जाने भरती उघडली नाही. सरकारला आपली आठवण झाली ती पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा. 1917 साली 111 महार ही पलटण उभी राहिली आणि लढाई संपल्यावर 1921 मध्ये मोडली.

आमचे पणजोबा त्या पलटणीत होते.

दापोलीहून दुसरी गाडी धरून वाडीवर पोहोचलो. आत्याने ऐंशी ओलांडली आहे. तिने पत्र्याची ट्रंक पुढे ओढली. आत घडीवर फाटलेला डिस्चार्जचा कागद आणि एक पितळी बटण. नावाच्या शेवटी 'नाक'. कोरेगावच्या स्तंभावर आपण वाचतो तसेच. 1 जानेवारीला आपण कोरेगावला जातो आणि 1941 ला बेळगावात उभ्या राहिलेल्या महार रेजिमेंटचा अभिमान सांगतो, ते योग्यच आहे. पण मधल्या या चार वर्षांच्या शिपायांना कोणी विचारत नाही. मीही विचारले नव्हते. चाळीस वर्षे ही ट्रंक मी पाहत होतो.

"पलटण मोडली नि आजा घरी आला," आत्या सांगू लागली. "पायात सरकारी बूट. गावकी म्हणाली, बूट काढून चाल. येसकराची काठी पुढे केली, मेलेलं ढोर ओढ म्हणाले. तो म्हणाला, पाठीवर बंदूक वाहिली, आता काठी धरायचा नाय. आठवड्यात मुंबईला गेला, गोदीत लागला."

"मग बूट कुठे आहेत?" मुलाने विचारले.

"फाटले. तरी आजी टाकू देत नव्हती. पुढं पावसात कुजले."

त्याचा चेहरा उतरला. त्याला बूटच न्यायचे होते. मग त्याने कागदावरचा शिपाई नंबर वहीत उतरवला, दोनदा तपासला. मी कागद मागितला, तशी आत्या थोडा वेळ गप्प बसली.

"कागद ने बाबा, इथं वाळवी खाईल. बटण राहू दे माझ्यापाशी."

परतीच्या गाडीत कागद वहीच्या पुठ्ठ्यात घालून मुलाने मांडीवर धरला होता. महाड आले तेव्हा तो जागा होता.