जमिनीवर की अधांतरी?

लेकीचा निर्णय जेवणाआधी एक असतो, जेवणानंतर दुसरा. अ‍ॅक्रो डान्स की एरियल? फी जवळपास सारखीच, त्यामुळे पैशाचा मुद्दा बाद.

अ‍ॅक्रोत सगळं जमिनीवर. कमान, कार्टव्हील, हातांवर उभं राहणं, आणि हे सगळं तालात बसवायचं. कस लागतो मनगटांचा आणि कमरेचा. मुलांची पाठ वाकवून दाखवायला आपण पालकच फार उतावीळ असतो; पोट आणि खांदे आधी बळकट व्हायला हवेत, ते व्हिडिओत दिसत नाही ना! एरियलमध्ये छतापासून सोडलेलं कापड, त्यामुळे सगळा भार पकडीवर. पडायची भीती तिथे उघड दिसते. म्हणून गाद्यांची जाडी पाहिली, हुक कशात बसवलाय आणि कधी तपासतात तेही विचारलं. शिकवणाऱ्या बाईंनी न कंटाळता सांगितलं. आवडलं मला.

सासूबाई म्हणाल्या, "अगं, हा तर आपला दोरीचा मल्लखांब!" अगदी तसा नाही. दोर पायाच्या अंगठा-बोटाच्या बेचक्यात धरायचा, तो अंगाला काचतो; कापड पसरून झोळीसारखं सावरतं. पण त्यांचं बोलणं खोडता येईना. मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा २०१९ साली शिवाजी पार्कातच झाली, परदेशातले खेळाडूही आले होते. आणि आम्ही शोधतोय एरियल!

तर यंदा अ‍ॅक्रो. आधी स्वतःचं वजन हातांवर पेलू दे. मे महिन्याच्या सुट्टीत दोरीचा मल्लखांब. एरियल तूर्तास नाही.