उजव्या हाताला रक्त

माग काढणाऱ्याने मान वर करायची नसते, हे सेकुरूंनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. पुढचा जमीन बघतो, त्याच्या मागचा बंदूकवाला समोरचं रान बघतो आणि शेपटाला जो असेल त्याने दोन्ही बाजू आणि पाठ सांभाळायची. १९९६च्या सप्टेंबरात, झिंबाब्वेतल्या झांबेझी खोऱ्यात, शेपटाला मी होतो.

सेकुरू म्हणजे शोना भाषेत आजोबा, आणि आईचा भाऊसुद्धा. आपण आजोबांना एक हाक मारतो आणि मामाला दुसरी; तिथे एका शब्दात दोघांचा मान बसतो, आणि तोच मान मी आमच्या माग काढणाऱ्याला द्यायचो. माझे वडील १९८२ साली गणिताचे शिक्षक म्हणून हरारेला गेले आणि मी तिथेच वाढलो. घरात मराठी, शाळेत इंग्रजी, रानात सेकुरूंची शोना. परवानाधारक शिकारी व्हायचं तर तिथे आधी लेखी परीक्षा द्यावी लागते, मग शिकाऊ परवाना मिळतो, मग जुन्या शिकाऱ्याच्या हाताखाली उमेदवारी, आणि शेवटी रानातच घेतलेली प्रात्यक्षिक परीक्षा. माझं उमेदवारीचं दुसरं वर्ष चालू होतं.

त्या सकाळी शिकारीला आलेल्या आमच्या पाहुण्याने एका म्हाताऱ्या रानरेड्यावर बार टाकला. हा रानरेडा, म्हणजे केप बफेलो, आपल्या गव्याइतका उंच नसतो, पण सात-आठशे किलोंचा असतो, आणि वय झालेल्या नराची शिंगं कपाळावर एकत्र येऊन त्यांचं हाडासारखं टणक कवच बनतं. पॉइंट ३७५ची गोळी त्याच्या डाव्या खांद्याला लागली, पण हवी त्यापेक्षा पुढे आणि खाली. रेडा अडखळला, सावरला आणि उत्तरेकडच्या जाळीत शिरला.

आम्ही अर्धा तास जागच्या जागी बसून राहिलो. गोळी वर्मी लागली असेल तर मरताना रेडा बऱ्याचदा लांब हंबरतो. ते हंबरणं ऐकू आलं की शिकारी निःश्वास सोडतात. आम्हाला काही ऐकू आलं नाही. सेकुरूंनी पहिला थेंब बोटावर घेतला, अंगठ्याने चोळला आणि नुसती मान हलवली. फुप्फुसाचं रक्त गुलाबी आणि फेसाळ असतं, पोटाच्या जखमेतून चघळलेलं गवत येतं. हे गडद लाल होतं, साधं मांसातलं. म्हणजे जनावर चालू शकत होतं, विचार करू शकत होतं आणि त्याला दुखत होतं.

जखमी जनावर मागे सोडून यायचं नाही, यात त्या धंद्यात दुसरं मत नाही आणि माझंही कधी झालं नाही. हे झांबेझी खोऱ्यातलं दांडे होतं, राष्ट्रीय उद्यान नव्हे. माणसं त्याच रानात सरपण गोळा करतात, मध काढतात. १९८९पासून ‘कॅम्पफायर’ योजनेखाली शिकारीच्या शुल्कातला वाटा तिथल्या जिल्हा परिषदेमार्फत गावांपर्यंत जात होता आणि मारलेल्या जनावराचं मांस गावात वाटलं जात होतं. त्याच गावातल्या एखाद्या बाईच्या वाटेवर आम्ही दुखावलेला रेडा सोडून तंबूत जेवायला बसलो असतो, तर आम्हाला शिकारी म्हणवून घ्यायचा हक्कच उरला नसता.

त्या जाळीला तिथले लोक जेस म्हणतात. सप्टेंबरात तिची पानं गळलेली असतात, पण करड्या काठ्यांचं जाळं इतकं दाट की दहा पावलांवरचा हत्तीसुद्धा सावली वाटतो. डोळ्यांतलं पाणी प्यायला बारीक मोपाने माश्या पापण्यांवर बसतात आणि त्यांना हाकलायला हात उचलायचा नसतो. सेकुरूंनी राखेची पुरचुंडी झटकली. राख आमच्या छातीवर आली. वारा समोरून होता, आमच्या बाजूचा.

निदान आम्हाला तसं वाटलं.

जखम डाव्या खांद्याला, म्हणून रक्त डाव्या हाताच्या काठ्यांना. माझ्या मांडीच्या उंचीवर, पुसल्यासारखं. जिथे खुरांचा ठसा पाचोळ्यात हरवायचा, तिथे सेकुरू ते डावीकडचे डाग धरून पुढे सरकायचे. त्यांच्यामागे दुनळी घेऊन माझे गुरू, मग पाहुणा, मग मी. अर्ध्या तासात आम्ही तीनशे पावलंही गेलो नसू.

आणि मला उजव्या हाताला रक्त दिसलं.

दहा-बारा पावलांवर, एका काठीवर, आमच्याकडे तोंड करून. ओलं. रक्त आहे हे मला लगेच कळलं. पण समोर सेकुरूंना माग स्पष्ट मिळत होता, त्यांच्या काठीचं टोक एकेका ठशाला टेकत पुढे चाललं होतं, आणि मला वाटलं, आधी याचा अर्थ लावू, मग बोलू. जिभेचा एक टकार पुरला असता, सगळे थांबले असते. अर्थ लावायला सेकुरू होते. माझं काम फक्त दाखवण्याचं होतं.

अर्थ लागायला वीस पावलं गेली. डाव्या खांद्याचं रक्त आमच्या उजवीकडच्या काठीला आमच्या बाजूने कधी लागेल? रेडा उलट्या दिशेने, आमच्या मागाला समांतर, परत गेला असेल तरच. तो पुढे नव्हताच. तो वाऱ्याखाली, आमच्या पाठीमागे होता.

मी टकार दिला आणि वळलो, तेवढ्यात काठ्या मोडायला लागल्या. रेडा धावून येताना डोकं खाली घालत नाही. नाक पुढे, मान ताठ, आणि नजर तुमच्यावरून हलत नाही. डोकं शेवटच्या क्षणी खाली जातं, शिंग मारायला. मला ते ओलं काळं नाक दिसलं आणि गळ्याला चिकटलेला पाचोळा. माझी पहिली गोळी छातीत गेली. त्याची चाल बदलली नाही. “खाली!” असा आवाज आला. गुरूंना बार काढता येत नव्हता, कारण मध्ये मी उभा होतो. मी गुडघ्यावर पडलो. डोक्यावरून पॉइंट ४७०च्या दोन्ही नळ्या एकामागून एक कडाडल्या. दुसरी गोळी शिंगांच्या कवचाखाली, नाकाच्या वर शिरली. रेड्याचे पुढचे पाय दुमडले आणि तो धुळीतून घसरत आला. नंतर सेकुरूंनी मोजलं, सहा पावलं.

पाहुणा खाली बसला आणि बराच वेळ उठला नाही. माझे कान दोन दिवस वाजत राहिले. गुरू काही बोलले नाहीत. त्यांनी बंदूक उघडली, रिकामी काडतुसं खिशात टाकली, नवी भरली.

सेकुरू मात्र मला घेऊन उलटे निघाले. त्या काठीपाशी थांबले, डागावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. “पाहिलं होतं,” मी म्हणालो. त्यांनी मान डोलावली आणि पुढे चालू लागले. रेड्याचा परतीचा माग ते आता दाखवत होते तो माझ्यासाठी. आणखी पंचवीसेक पावलांवर ठसे संपले. तिथे पाचोळा तुडवलेला होता, खुरांची टोकं आमच्या वाटेकडे वळलेली होती, आणि मधोमध रक्ताचं ताटाएवढं थारोळं होतं, कडेने घट्ट होत आलेलं. चालताना थेंब पडतात. थारोळं व्हायला जनावराला खूप वेळ उभं राहावं लागतं.

सेकुरूंनी माझ्या खांद्यावर हात ठेवून मला तिथे उकिडवं बसवलं, रेड्याच्या नजरेच्या उंचीवर. काठ्यांमधल्या एका फटीतून वाट दिसत होती. बारा पावलांवर, मऊ मातीत, माझ्या बुटांचे ठसे होते.