उगवतीचा सूर्य कीं मावळतीचा?

गेलीं वीस वर्षें आम्ही या शाळेंत चित्रकला शिकवीत आहों. एलिमेंटरी व इंटरमीजिएट या परीक्षांस बसणाऱ्या मुलांस ठाऊकच आहे कीं, तेथें संकल्पचित्र म्हणून एक विषय असतो. दिलेल्या चौकोनांत वा वर्तुळांत पानें, फुलें, पक्षी यांची रचना करावयाची व ती रंगवावयाची. आमच्या हाताखालून असे किती चौकोन गेले असतील, त्याची गणती नाहीं. परंतु हा चौकोन कोणासाठीं, तो कोठें लागावयाचा, हें एकाही मुलानें आम्हांस कधीं विचारलें नाहीं. आणि खरें सांगावयाचें तर आम्हींही तें स्वतःस विचारलें नव्हतें.

मध्यंतरीं आमच्या वाचनांत एक हकीकत आली. अमेरिकेंतील मिशिगन राज्यांत १९९० सालीं जॉन हार्टम या कलाशिक्षकानें, लिसा ब्लॅकबर्न यांच्या साहाय्यानें, आपल्या हायस्कूलच्या मुलांकडून मातीचे वाडगे करविले. त्या वाडग्यांतून पाहुण्यांस साधें सूप व पाव वाढला, जमलेला पैसा भुकेलेल्यांच्या अन्नाकरितां दिला, आणि रिकामा वाडगा आठवण म्हणून ज्यानें त्यानें घरीं न्यावा असें ठरविलें. पुढें ही चाल दूरवर पसरली. आमच्या शाळेंत कुंभाराची भट्टी नाहीं. परंतु ब्रश, शाई व लिनोलियमचे तुकडे आहेत. तेवढ्यानें कोणाचें कांहीं काम होईल काय, अशी हुरहुर आमच्या मनास लागली.

काम शोधावयास दूर जावें लागलें नाहीं. गांवांतील दवाखान्यांत गोळ्या कागदी पाकिटांतून देतात व वर १-०-१ असें लिहितात: सकाळीं एक, दुपारीं नाहीं, रात्रीं एक. ज्यास अक्षरओळख नाहीं त्यानें काय समजावें? तेथील कंपाउंडर म्हणाले, "गुरुजी, पोरांकडून चित्रांचे ठसे करून द्या." नववीच्या वर्गानें हें काम आनंदानें पत्करलें.

वर्गांत ज्याचा हात सर्वांत चांगला, ज्यानें एलिमेंटरींत 'अ' श्रेणी मिळविली, त्या मुलाचे नमुने आम्हीं पसंत केले. सकाळकरितां डोंगरामागून वर येणारा सूर्य, संध्याकाळकरितां पाण्यांत बुडणारा सूर्य, रात्रीकरितां चंद्रकोर. किरण किती नाजूक कोरले होते! स्नेहसंमेलनाच्या प्रदर्शनांत तीं चित्रें आम्हीं दर्शनी भिंतीवर लावलीं. पाहुण्यांनीं तोंड भरून स्तुति केली. नंतर मुलांनीं चारशें पाकिटें छापून दवाखान्यांत पोंचविलीं. हें सर्व होईपर्यंत एकाही रोग्यास एकही पाकीट दाखविलें नव्हतें, ही गोष्ट त्या वेळीं कोणाच्या ध्यानांतसुद्धां आली नाहीं.

पंधरा दिवसांनीं कंपाउंडरांचा निरोप आला. वाडीवरील एका म्हातारीनें साखरेच्या आजाराच्या सकाळच्या व संध्याकाळच्या, दोन्ही पाकिटांतील गोळ्या सकाळींच घेतल्या. अंगाला दरदरून घाम फुटला, डोळ्यांपुढें अंधारी आली, आणि ती उंबऱ्यावरच बसली. शेजारणीनें साखरपाणी पाजलें व गाडी करून दवाखान्यांत आणलें, म्हणून निभावलें.

त्या रात्रीं आम्हांस झोंप लागली नाहीं. चित्र मुलाचें होतें, परंतु तें पसंत करणारे आम्ही होतों.

रविवारीं दुपारीं त्या मुलास व वर्गांतील एका मुलीस बरोबर घेऊन आम्ही म्हातारीच्या घरीं गेलों. या मुलीची रेघ सरळ येत नाहीं. ती आली ती केवळ तिचें घर त्या वाटेवर म्हणून. आम्हीं क्षमा मागितली, तर म्हातारीच ओशाळली. मग दोन्ही पाकिटें हातांत धरून म्हणाली, "मास्तर, ह्यो सुर्व्या उगवतीचा का मावळतीचा, त्ये कसं वळखायचं?"

मुलगा म्हणाला, "आजी, हा पाहा, याच्यामागें डोंगर आहे."

"आरं बाळा, आमच्या वाडीचा डोंगूर मावळतीलाच हाय."

समुद्र तिनें जन्मांत पाहिला नव्हता. तें पाणी तिला नांगरलेलें शेत वाटलें. चंद्राविषयीं तिनें विचारलें कीं, अवसेला गोळी घ्यायची का न्हाई? हें ती थट्टेनें म्हणाली कीं खरेंच, तें आम्हांस अजून उमगलेलें नाहीं. मुलगा खालीं मान घालून बसला. तेव्हां ती मुलगी म्हणाली, "आजी, सकाळ झाली हें तुम्हांला कशानें कळतं?"

परत आल्यावर वर्गांत आम्हीं १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीची गोष्ट सांगितली. त्या वेळीं प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी असे व तिच्यावर त्याचें चिन्ह असे. अक्षरें न वाचतां मतदार आपली पेटी ओळखी. मग मुलें कच्चीं चित्रें घेऊन घरोघर हिंडलीं. सकाळकरितां प्रथम कपबशी काढली होती. ती फसली, कारण चहा लोक चारही वेळां पितात. कोंबडा मात्र सर्वांनीं ओळखला. संध्याकाळकरितां पेटता दिवा ठरला, रात्रीकरितां बाजेवर निजलेला मनुष्य. ठसे अर्थात् त्याच मुलानें कोरले. सहा रेघांचा कोंबडा कोरतांना तो चिडून म्हणाला, "सर, यांत चित्र कोठें आहे?" त्यास देण्याजोगें उत्तर आमच्यापाशीं नव्हतें. कोंबडा छापून आम्हीं वाडीवर नेला, तेव्हां म्हातारी कोणी न विचारतां म्हणाली, "ही सकाळची." तेव्हांही तो कांहीं बोलला नाहीं, परंतु दुसऱ्या दिवशीं मधल्या सुटींत दिव्याची ज्योत पुन्हां जाड करीत बसलेला दिसला.

गुण देतांना आम्हीं त्या मुलीस पहिलें ठेविलें. मुलाचे वडील शाळेंत आले व त्यांनीं जाब विचारला. तो त्यांचा अधिकारच होता. आम्हीं दोन्ही जुनीं पाकिटें टेबलावर ठेवून सकाळचें कोणतें तें सांगा म्हणून विनंती केली. त्यांनीं बरोबर सांगितलें! आपल्या मुलाचें चित्र ते घरीं महिनाभर पाहत होते. आम्ही निरुत्तर झालों, व गुणांविषयीं त्यांचें समाधान झालें असें म्हणवत नाहीं.

दुपारचें पाकीट अजून व्हावयाचें आहे. भरलेलें ताट काढावें असें वर्गाचें मत पडलें. परंतु ज्या घरांत तें चित्र दाखविलें, त्यांपैकीं एका घरच्या बाईनें विचारलें कीं, ज्या दिवशीं दुपारचा सैंपाक नसतो त्या दिवशीं काय करायचं? मुलें तिच्याकडे पाहतच राहिलीं. ताटाचा ठसा अर्धवट कोरलेला आमच्या कपाटांत पडून आहे. डॉक्टरांना विचारून मग काय तें ठरवूं.